एक गुण कितीला पडला?

पत्र थोडक्यात असं. पत्रलेखिका 20 वर्षांची, मूळची सांगलीची. चार वर्षांपासून पुण्यात राहून बॅडमिंटन खेळते आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते. 19 वर्षांखालील गटात राज्यातल्या पहिल्या चार मुलींत होती. आता वरिष्ठ गटात एकेरी खेळते. गेल्या 12 महिन्यांत ती नऊ आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली. पाच इंटरनॅशनल चॅलेंज दर्जाच्या, पाचही ठिकाणी पहिल्याच फेरीत हार. तीन त्याहून खालच्या इंटरनॅशनल सिरीज दर्जाच्या, त्यात दोनदा दुसऱ्या फेरीत आणि एकदा उपांत्यपूर्व फेरीत हार. शिवाय चॅलेंजच्या वरच्या, सुपर 100 दर्जाची कटकची ओडिशा मास्टर्स, तिथे मुख्य ड्रॉमध्ये पहिला सामना गेला. सगळा मिळून खर्च साडेनऊ लाख, त्यातले सहा लाख वडिलांनी दुकान तारण ठेवून उभे केले. डावा गुडघा वाटीच्या खाली दुखतो. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातून चाचणीचं पत्र आलंय. प्रशिक्षक म्हणतात, दुहेरीकडे वळ. ती विचारते: "नोकरी घेतली तर खेळ संपला. दुहेरी घेतली तर हरले असं कबूल केल्यासारखं. एकेरीतच राहिले तर बाबांचं कर्ज वाढणार. बाबांकडे अजून एक वर्ष मागू का?"

तुझं पत्र वाचताना एक गोष्ट लगेच जाणवली. खर्च तू रुपयांत लिहिलास, निकाल फेऱ्यांमध्ये लिहिलेस, पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिले नाहीस. आधी तेच करू.

चॅलेंजच्या पहिल्या फेरीत हरलं की जागतिक क्रमवारीचे 920 गुण. असे पाच, म्हणजे 4,600. सिरीजमध्ये दुसऱ्या फेरीत हरलं तरी 920च; असे दोन, 1,840. सिरीजची उपांत्यपूर्व फेरी 1,370. कटकची सुपर 100 स्पर्धा, पहिली फेरी, 1,290. बेरीज 9,100. खर्च साडेनऊ लाख. म्हणजे जागतिक क्रमवारीतला एकेक गुण तुला 104 रुपयांना पडला.

आता या 920च्या दोन आकड्यांकडे नीट बघ. चॅलेंजला एकही सामना न जिंकता जे मिळालं, तेच सिरीजमध्ये एक सामना जिंकून मिळालं. त्यामुळेच "मोठ्या स्पर्धेत हरलं तरी गुण जास्त" हा सल्ला हॉलमध्ये सगळीकडे ऐकू येतो, आणि बहुतेक तुलाही कुणीतरी तोच दिला असणार. तो अर्धाच खरा आहे. क्रमवारीत 52 आठवड्यांतल्या सगळ्यात चांगल्या दहा स्पर्धा धरल्या जातात. दहाही ठिकाणी चॅलेंजची पहिली फेरी हरलीस तर 9,200 गुण होतील, आणि तिथेच भिंत लागेल. अकरावी, बारावी स्पर्धा खेळून एक गुणही वाढणार नाही, कारण जुना 920 काढून नवा 920 ठेवायचा. उलट सिरीजची उपांत्य फेरी 1,750 गुणांची, म्हणजे चॅलेंजच्या दोन पहिल्या फेऱ्यांच्या जवळपास, आणि तेवढ्यात तीन सामने जिंकलेले असतात. आठवडाभर चार सामने खेळलेली मुलगी आणि बुधवारी सकाळी बॅग भरून विमानतळावर बसलेली मुलगी, दोघींच्या खेळात सहा महिन्यांनी फरक दिसतो. तुझ्या वयाला गुण अडकण्यापेक्षा सामने न मिळण्याचा हा तोटा मोठा आहे.

म्हणून स्पर्धा निवडताना तिचा दर्जा शेवटी बघायचा. आधी प्रवेशाची यादी. परदेशी स्पर्धेची प्रवेशिका राज्य संघटनेच्या शिफारशीनं, भारतीय बॅडमिंटन संघटनेमार्फत जाते; स्वतः भरता येत नाही. मुदत संपली की मुख्य ड्रॉ, क्वालिफाइंग (पात्रता फेरी) आणि राखीव अशी यादी लागते. ती लागेपर्यंत रद्द न होणारं तिकीट काढू नकोस. यादीत आपलं नाव कुठे आहे ते बघ, मग वरच्या सोळा जणींपैकी किती जणींशी तू गेल्या दोन वर्षांत तीन गेमपर्यंत लढलीस ते मोज. चार-पाच सापडल्या तर ती स्पर्धा तुझी. एकही नसेल तर ती सहल ठरेल. नाव मागे घ्यायचं तर मुदतीच्या आत घे, नंतर दंड बसतो.

आणि एका स्पर्धेसाठी एक प्रवास करू नकोस. तू पाच वेळा युरोपला गेलीस असं लिहितेस. तिकिटाचे पैसे पाच वेळा गेले. लागोपाठच्या आठवड्यांत, शेजारशेजारच्या देशांत होणाऱ्या दोन-तीन स्पर्धा एकत्र बांध, मधला प्रवास बसनं किंवा रेल्वेनं कर. युरोपसाठीच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. अर्जात अनेक वेळा प्रवेशाची मुभा माग. आपल्याकडच्या गुवाहाटी आणि कटकच्या स्पर्धा, देशात होणाऱ्या चॅलेंज स्पर्धा तर सोडूच नयेत. तिथे खर्च एका रेल्वे तिकिटाचा. फक्त कटकला पोचायचं ते दोन दिवस आधी. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर आहे, हवा विरळ, शटल जरा पुढे पडतं. तिकडे वातानुकूलित हॉलमध्ये तोच टॉस, म्हणजे मागे उंच मारलेला फटका, कोर्टाच्या मध्यावरच उतरतो आणि समोरची स्मॅश मारते. कटकच्या सामन्याबद्दल तू लिहितेस, "पहिला गेम 9-21 गेला, दुसरा 19-21." पहिल्या गेममध्ये तू शटलची लांबी शोधत होतीस असा आमचा अंदाज आहे. हॉलमध्ये शिरल्यावर पहिलं काम हे: मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीनं शटल मारायचं. योग्य वेगाचं शटल समोरच्या मागच्या रेषेच्या 53 ते 99 सेंटिमीटर अलीकडे पडतं. दोन्ही बाजूंनी चार-चार मार. एका बाजूनं लांब आणि दुसरीकडून आखूड पडलं तर हॉलमध्ये वारा आहे. कोणत्या बाजूनं टॉस दाबून मारायचा ते सामन्याआधीच कळतं.

पैशाबद्दलही साफ बोलू, कारण "रँकिंग आली की पैसे येतील" हे वाक्य तुझ्या पत्रात दोनदा आहे. 2023 च्या गुवाहाटी मास्टर्सची, म्हणजे सुपर 100 स्पर्धेची, एकूण रक्कम 1 लाख डॉलर होती. त्या दर्जाला एकेरीच्या विजेतीला साडेसात टक्के मिळतात, म्हणजे 7,500 डॉलर. उपविजेतीला 3,800. उपांत्य फेरीत हरली की 1,450, उपांत्यपूर्वला 600, दुसऱ्या फेरीत 350, आणि पहिल्या फेरीत काहीच नाही. यातून त्या देशाचा कर वजा. चॅलेंज आणि सिरीजला तर एकूण रक्कमच इतकी लहान की विजेतीचाही प्रवास जेमतेम सुटतो. तेव्हा या पायरीवर बक्षिसाच्या पैशावर कुणी जगत नाही. पगार, शिष्यवृत्ती, प्रायोजक किंवा वडील, या चारांतलं कुणीतरी खेळ चालवतं. तुझ्याकडे सध्या फक्त चौथं आहे.

इथे नोकरीचा प्रश्न येतो. नोकरी घेतली की खेळ संपला, हे तू इतक्या खात्रीनं लिहिलंस की विचारावंसं वाटतं, हे कुणाकडून आलं? तुझ्याच सांगलीचे नंदू नाटेकर 1956 मध्ये क्वालालंपूरला सेलंगोर स्पर्धा जिंकले, परदेशात स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय ठरले. त्या काळी हा खेळ हौशी होता, बक्षिसाचा पैसाच नव्हता. अलीकडचं सांगायचं तर पी. व्ही. सिंधू 2013 मध्ये भारत पेट्रोलियममध्ये रुजू झाली. रिओ ऑलिंपिकचं रौप्य त्यानंतर तीन वर्षांनी आलं. अर्थात तिची नेमणूक आणि रेल्वेच्या एखाद्या विभागातली लिपिकाची जागा एका मापात मोजता येणार नाही. खेळ टिकेल की नाही हे नोकरीच्या अटींवर ठरतं, आणि त्या अटी तू अजून विचारलेल्या नाहीस.

शिवाय, हातात आलंय ते चाचणीचं पत्र. नेमणुकीचं पत्र अजून लांब आहे. चाचणी देण्यानं काहीही बांधलं जात नाही, तेव्हा ती दे. निवड झालीच तर सही करण्याआधी, शक्यतो आधीपासून तिथे असलेल्या एखाद्या खेळाडूकडून, ही माहिती काढ. नेमणूक कोणत्या गावी, आणि तिथे लाकडी मजल्याचा हॉल आहे का? रोज किती तास हजेरी, की सरावाला अर्ध्या दिवसाची सूट लेखी मिळते? वर्षाला स्पर्धांसाठी विशेष रजा किती दिवस, आणि ती संपल्यावर पुढच्या दिवसांचं काय? परदेशी जायची परवानगी कोण देतं आणि किती आठवडे लागतात? हा शेवटचा प्रश्न खेळाडू हमखास विसरतात. सरकारी नोकराला परदेश प्रवासाला खात्याची परवानगी लागते; प्रवेशिका गेली, तिकीट निघालं आणि फाईल साहेबांच्या टेबलावर पडून राहिली, असं होतं. पहिली किती वर्षं नोकरी सोडता येत नाही, आणि सोडली तर भरपाई किती, हेही करारात वाचून घे. तोंडी "बघू, ॲडजस्ट करू" याला किंमत देऊ नकोस.

रेल्वे हा एकमेव दरवाजाही नाही. तेल कंपन्या, विमानतळ प्राधिकरण, बँका खेळाडूंना घेतात. तेल कंपन्यांच्या शिष्यवृत्त्या तर नोकरीच्या आधीच्या वयाला असतात. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते, आणि ती जाहिरात आल्यावर करायला गेलं की वेळ निघून जाते. तुझी वरिष्ठ राष्ट्रीय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेची प्रमाणपत्रं कुठे आहेत? मूळ प्रती, ड्रॉची छापील पानं, संघनिवडीचं पत्र, सगळं एका फाईलमध्ये लाव. आणि बी.ए. पूर्ण कर. पदवी नसली की निवड होऊनही खालच्या पदावर बसवतात. हे पत्र वाचणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांच्या पालकांनाही हेच सांगणं आहे: 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्या, हवं तर मुक्त विद्यापीठातून शिकू द्या, पण शिक्षण बंद करू नका.

आता दुहेरी. तू लिहितेस, "जी मुलं एकेरीत जमत नाहीत त्यांना सर दुहेरीत टाकतात." असं वर्षानुवर्षं झालंय हे खरं. म्हणूनच तुला हा सल्ला अपमानासारखा लागला. पण निकाल बघ. भारताला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिला दुहेरीचं पहिलं पदक 2011 मध्ये ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी मिळवून दिलं. तीच अश्विनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला, 34 व्या वर्षी, मूळच्या गोव्याच्या तनिषा क्रास्टोबरोबर खेळली. एकेरीत त्या वयापर्यंत गुडघे साथ देणाऱ्या फार थोड्या. आपल्या मुंबईच्या चिराग शेट्टीला आणि सात्विकसाईराजला एकत्र आणलं ते मलेशियन प्रशिक्षक टॅन किम हर यांनी. दोघंही उंच, दोघंही मागून मारणारे. वरवर पाहता न जुळणारी जोडी. ती 2022 मध्ये थॉमस कप, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा, जिंकणाऱ्या संघात होती आणि 2023 मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. प्रशिक्षकाच्या नजरेला कधीकधी खेळाडूच्या आधी दिसतं. तुझ्या सरांनी नेमकं काय पाहिलं, हे तू त्यांना विचारलंस का? "तुझं मनगट चांगलं आहे" एवढ्यावर सोडू नकोस. नेटजवळ कोणता फटका, सर्व्हिस परतवताना काय, ते विचार.

आणि स्वतःही तपासून बघ. महिला दुहेरीत रॅली लांबतात, पण बहुतेकदा कोण दाबणार हे पहिल्या तीन फटक्यांत ठरतं: सर्व्हिस, परतवण, तिसरा फटका. स्वतःच करण्याजोगी एक चाचणी आहे. नेटच्या पट्टीच्या वर साधारण वीतभर अंतरावर एक दोरी बांध. सर्व्हिस करताना शटलला रॅकेट लागते ती उंची जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली हवी, तेव्हा भिंतीवर तेवढ्यावर खूण करून मोबाईलवर बाजूनं चित्रण ठेव. रोज 100 आखूड सर्व्हिस. पट्टी आणि दोरीच्या मधून जाऊन पुढच्या रेषेजवळ पडल्या त्या मोज. पहिल्या आठवड्यात 40 येतील. सहा आठवड्यांत 80च्या वर गेलीस तर दुहेरीचा पाया तुझ्या हातात आहे. त्याच काळात एखाद्या मागून जोरात मारणाऱ्या मुलीबरोबर राज्य मानांकन स्पर्धा खेळ, आणि जमलं तर मिश्र दुहेरीही. एकाच तिकिटात दोन प्रकार खेळले की 104 रुपयांचा तो गुण स्वस्त होतो. जोडीदार निवडताना मात्र मैत्रिणीपेक्षा सराव कुठे करते ते आधी बघ. क्रमवारी जोडीची असते. ती नागपूरला आणि तू पुण्यात असं करून सहा महिन्यांत जोडी मोडली की जमवलेल्या गुणांचा तुला फारसा उपयोग नाही.

गुडघ्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण आम्हाला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. तू उजव्या हातानं खेळतेस. बॅकहँड कोपऱ्यात शटल गेलं की डोक्यावरून वळून मारतेस आणि उतरतेस ती एकट्या डाव्या पायावर, अंग बाहेर झुकलेलं. बॅडमिंटनमध्ये गुडघ्याचा पुढचा लिगामेंट तुटतो तो बऱ्याचदा नेमका याच उतरण्यात, रॅकेटच्या विरुद्ध बाजूच्या गुडघ्यात. वाटीखाली दुखणं हे बहुधा वेगळं, स्नायूबंधाच्या ताणाचं असतं. पण दुखरा पाय नीट वाकत नाही, तो ताठ उतरतो, आणि मग लिगामेंटचा धोका वाढतो. मोबाईल मागच्या रेषेमागे, गुडघ्याच्या उंचीवर ठेव. त्या कोपऱ्यातले दहा फटके चित्रित कर आणि संथ गतीनं बघ. उतरताना गुडघा आतल्या बाजूला पडतोय का? अंगठ्याच्या रेषेच्या आत गेला तर उड्या तूर्त बंद, आणि खेळाडूंबरोबर काम करणारा फिजिओथेरपिस्ट गाठ. वाटीखालच्या दुखण्यावर साधारण 25 अंश उताराच्या फळीवर एका पायानं हळू बसण्याचा व्यायाम दिला जातो, 15 चे तीन संच, दिवसातून दोनदा, सुमारे 12 आठवडे. तुला तोच लागू आहे की नाही हे तपासून घेऊनच सुरू कर. पाळी लांबली असेल किंवा सतत थकवा असेल तर तेही त्यांना सांग, रक्तातलं लोह तपासून घे. सरावाच्या मानानं जेवण कमी पडलं की हाडंही कुरकुरायला लागतात. आणि दुखतंय म्हणून औषधाच्या दुकानातून काहीही घेऊ नकोस. सर्दीच्या साध्या गोळीतल्या स्यूडोएफेड्रिनचं प्रमाणही स्पर्धेच्या काळात उत्तेजक चाचणीत अडकवू शकतं.

जाता जाता, खर्चाच्या यादीत वर्षाला तीन रॅकेट मोडल्याचं दिसतं. गटिंग, म्हणजे तारा ओवणं, 27 पाउंडांच्या ताणावर करतेस, त्यात चूक नाही. पण तार तुटल्यावर तू रॅली संपवून रॅकेट तशीच बॅगेत टाकत असणार. एक तार गेली की चौकटीवरचा ताण एकाच बाजूला ओढतो आणि ती वाकते, मग पुढच्या गटिंगला तडा जातो. बॅगेत छोटी कात्री ठेव. तार तुटली की तिथल्या तिथे, मधून सुरुवात करून, उभ्या-आडव्या सगळ्या तारा कापून टाक.

आता तुझा मूळ प्रश्न. बाबांकडे "अजून एक वर्ष" मागू नकोस. वर्ष म्हणजे किती पैसे आणि काय झालं की थांबायचं, हे त्यात कुठेच नाही, आणि दुकान तारण ठेवलेल्या माणसाला ते कळायला हवं. आम्ही असं सुचवतो. पहिले 12 आठवडे परदेशी स्पर्धा नाहीत: गुडघा, सर्व्हिस आणि रेल्वेची चाचणी. जुने गुण या काळात 52 आठवडे उलटतील तसे गळत जातील. गळू देत, ते 920चेच आहेत. त्यानंतरच्या नऊ महिन्यांसाठी रकमेची मर्यादा, समजा साडेतीन लाख, आणि त्यात नवं कर्ज शून्य. शटल, गटिंग आणि हॉलचं भाडं त्यातच धर. पिसांच्या शटलचे भाव ज्या गतीनं चढतायत त्यानं सरावाचा खर्चच कधीकधी प्रवासाएवढा होतो. सहा स्पर्धा, त्यांतल्या चार सिरीज किंवा देशातल्या, एकेरी आणि दुहेरी दोन्ही. कोणत्याही एका प्रकारात सहापैकी तीनदा उपांत्यपूर्व फेरी गाठलीस तर तो प्रकार पुढे न्यायचा आणि मग चॅलेंजला जायचं. नाहीच जमलं तर नोकरीतून राष्ट्रीय स्पर्धा खेळायच्या. तिथेही सामना 21 व्या वर्षी संपत नाही.

हे सगळं एका वहीच्या दोन पानांवर लिही: डाव्या पानावर खर्च, उजव्यावर गुण आणि तारखा. दिवाळीला सांगलीला जाशील तेव्हा दुकान बंद झाल्यावर बाबांसमोर ती वही ठेव, आणि साडेतीन लाखांचा आकडा त्यांना बदलू दे.